पाण्यात उतरायची मनाई

पुण्यातला माणूस समुद्रात बुडी मारायला निघाला, तरी आधी क्लास लावतो. दत्तप्रसादनं तर क्लासच्याही आधी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. अंदमानला कधी जायचं, कुठल्या बेटावर उतरायचं, स्कूबा डायव्हिंग पहिल्या दिवशी की तिसऱ्या, पाऊस आला तर काय, बोट चुकली तर काय. वाय-टू-केच्या लाटेत अकोल्याहून पुण्यात आलेला आणि पुढं हिंजवडीतल्या कंपनीत मॅनेजर झालेला हा गृहस्थ दूध आणायला जातानासुद्धा मनात टप्पे पाडत असणार, असं त्याच्या बायकोचं, हिंजवडीतच दुसऱ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या राधाचं, म्हणणं होतं. पण तिला त्याचा राग येत नसे. सात वर्षं त्यानं त्याच शिस्तीनं तिच्या इंजेक्शनांच्या वेळा सांभाळल्या होत्या.

हो, सात वर्षं. मूल होत नव्हतं. कोथरूडचा ऐसपैस फ्लॅट भाड्यानं देऊन दोघं सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिली होती, ती केवळ दवाखाना चालत गाठता यावा म्हणून. त्या वर्षांत त्यांनी कुठलाच बेत केला नाही. अमेरिकेची संधी दोनदा दाराशी आली आणि दोनदा माघारी गेली. भाचीचं लग्नसुद्धा बुडवलं. मग एका जूनमध्ये दवाखान्यातल्या बाईंनी स्वतःच फाइल मिटली. "मी प्रयत्न करत राहीन हो, मला काय! पण तुमचं शरीर थकलंय, त्याला विचारा," त्या म्हणाल्या. "आता थांबा. कुठंतरी लांब जाऊन या."

लांब म्हणजे किती लांब, ते राधाला पक्कं ठाऊक होतं. जिथं कोणी काही विचारणार नाही, तिथवर. दत्तप्रसादनं स्कूबाची चित्रफीत दाखवली तेव्हा रंगीत मासे आणि पोवळी तिनं नीट पाहिलीच नाहीत. पाण्याखाली कोणी बोलत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं. तिथं एकही मावशी "मग काय, यंदा तरी?" असं म्हणू शकणार नव्हती. चल, जाऊ, ती म्हणाली.

दवाखाना बंद केल्याचं अकोल्याला सांगायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं म्हणजे दोघांनीही टाळलं. तिथं दत्तप्रसादचे वडील आप्पासाहेब होते आणि आई, द्वारकाबाई. द्वारकाबाईंनी सात वर्षांत सुनेला एका शब्दानं टोचलं नव्हतं, आणि मायेचाही शब्द दिला नव्हता. त्याला राधाही थोडी कारण होती. लग्नानंतर पहिल्यांदा अकोल्याला गेल्यावर सासूबाईंची वऱ्हाडी बोली ऐकून ही एरंडवण्याची पुणेरी मुलगी चारचौघांत फस्सकन हसली होती. तेव्हापासून द्वारकाबाई तिच्याशी शाळेतल्या बाईंसारखं मोजून-मापून बोलत. दर रविवारी फोन यायचा. भाजी काय केली, नळाला पाणी आलं का, थंडी पडली का. पाच मिनिटांत दोघीही सुटायच्या.

दिवाळीत निघायचं ठरलं आणि दत्तप्रसादनं खरोखरच क्लास लावला. कोथरूडच्या एका पोहण्याच्या तलावावर कोणी हौशी पोरगा पाठीवर हवेचं नळकांडं बांधून श्वास घ्यायला शिकवत असे. राधाला सर्दी होती, पण "आता परत सुटी मागितली तर मॅनेजर काय म्हणेल," असं म्हणत ती उतरली. मॅनेजर म्हणजे तिचा नवराच. खोल बाजूला तळाशी जाईजाईतो डाव्या कानात कोणी सुई खुपसावी अशी कळ आली. वर आली तेव्हा कानातून रक्ताचा बारीक ओघळ होता. कानाच्या डॉक्टरीणबाई अस्सल पुणेरी होत्या. "कान देवानं ऐकायला दिलेत, पाणी साठवायला नाही," त्या म्हणाल्या. "पडद्याला इजा झालीये. पाण्यात उतरायचं नाही, विमानात बसायचं नाही, आणि शिंक आली तरी बेतानं शिंकायचं."

दत्तप्रसादचा तक्ता कोसळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याला आईचा फोन आला. अंदमानचं कुठवर आलं, तिनं विचारलं.

"लांबलं गं आई. राधाला डॉक्टरीणबाईंनी पाण्यात उतरायला मनाई केलीये. विमानप्रवासही नको म्हणाल्या. जपायला सांगितलंय."

द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "काय झालं रे?"

तेवढ्यात त्याचा थांबा आला. बॅग, डबा आणि फोन सांभाळत उतरता उतरता तो म्हणाला, "आत्ता काही विचारू नकोस. सांगतो नंतर."

आता हेच वाक्य दुसऱ्या कुठल्या मुलखात बोलला असता, तर आई घाबरली असती. पण आपल्याकडं सुनेला जपायला सांगितलं, पाणी वर्ज्य, प्रवास वर्ज्य, आणि विचारू नकोस, याचा अर्थ एकच. तिसरा महिना सरेपर्यंत ती गोष्ट बोलायची नसते. बोललं की दृष्ट लागते. द्वारकाबाईंनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. आप्पासाहेबांनाही सांगितलं नाही. "पोराकडं जाऊन येतो," एवढं म्हणाल्या आणि दोन दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या बसनं, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून, सकाळीच स्वारगेटला उतरल्या. दत्तप्रसाद नंतर सांगायचं म्हणाला होता, ते विसरून गेला. राधाच्या कानासाठीच आई आली असं तो धरून चालला, आणि आल्या आल्या त्यानं तिला दिलासा दिला, "काळजीचं काही नाही गं. हळूहळू होईल सगळं नीट."

राधाला प्रथम काही उलगडेना. सासूबाई बादली उचलू देत नव्हत्या. माळ्यावरचा डबा काढायला ती स्टुलावर चढली, तर द्वारकाबाईंनी तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि स्वतः चढल्या, वय वर्षं पासष्ट. दत्तप्रसादनं पपई आणली, ती त्यांनी न बोलता खालच्या वॉचमनला देऊन टाकली. रोज सकाळी मंडईत जाऊन पालक, बीट, कोवळी भेंडी शोधून आणत, आणि तीन मजले चढून आल्यावर धापा टाकत विचारत, "तू काहून उठली? मी करतो ना चहा." त्यांची बोली परत आली होती. ती ध्यानात येऊनही आपल्याला हसू आलं नाही, याचं राधाला बरं वाटलं.

एका दुपारी त्यांनी तिच्या डोक्याला तेल लावलं. राधा जमिनीवर बसली होती आणि सासूबाई खुर्चीवर. सात वर्षांत राधाच्या अंगाला ज्यानं हात लावला, त्याच्या हातात सुई होती किंवा रबरी मोजे. तिची स्वतःची आई बंगलोरला भावाच्या जुळ्यांमागं धावत होती. या बोटांना काही तपासायचं नव्हतं. राधाचे डोळे भरून आले आणि ती तशीच मान खाली घालून बसून राहिली. कान दुखतो का, असं तेवढ्यात द्वारकाबाईंनी विचारायला हवं होतं, म्हणजे सगळं तिथंच मिटलं असतं. त्यांनी विचारलं, "मळमळते का गं?"

"नाही," राधा म्हणाली. कानाच्या औषधानं मळमळतं की काय, असं तिला वाटलं.

उलगडा झाला तो संकष्टीला. संकष्टीचा उपास राधानं मूल व्हावं म्हणूनच धरला होता, आणि आता आशा सुटली तरी सवय सुटत नव्हती. ती साबुदाणा भिजवायला गेली. द्वारकाबाईंनी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं.

"या दिवसांत उपास नसते करायचा, पोरी. गणपतीले समजते. मी करतो तुह्या वाटचा."

या दिवसांत. राधा ओट्याला टेकून उभी राहिली. पपई, बादली, लाडू, मळमळ, सगळं एका दमात तिच्यासमोर उभं राहिलं. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना राधानं कधी ऐकलं नव्हतं.

तिनं तिथंच सांगायला हवं होतं. शहाण्या माणसानं सांगितलं असतं. पण गंमत पाहा, घरात जी गोष्ट कोणी बोललंच नव्हतं, ती खोटी आहे हे सांगायचं तरी कसं? द्वारकाबाईंनी दिवस गेलेत का असं विचारलं असतं, तर नाही म्हणता आलं असतं. त्या रीत म्हणून गप्प होत्या. त्या गप्प, म्हणून ही गप्प. आणि खरं सांगायचं तर राधाला ते सांगावंसं वाटलं नाही. कोणीतरी तिच्या वाट्याचा उपास करत होतं. तिला ते हवं होतं. सात वर्षं तिला हेच हवं होतं.

दुसऱ्या सकाळी बसथांब्याकडं जाताना तिनं दत्तप्रसादला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "मी बोललो तिला फोनवर," तो म्हणाला. "माझंच चुकलं. आज संध्याकाळी सांगून टाकतो."

"थांब ना थोडे दिवस."

"राधा, रोज उशीर होईल तसं जास्त लागेल तिला."

"माहितेय मला. तरी थांब."

तो थांबला. संध्याकाळी घरी येताना त्यानं कोपऱ्यावरून शहाळं आणलं. ते राधाच्या हातात दिलं आणि मग दोघंही एकमेकांकडं पाहत राहिली, कारण त्या शहाळ्याचं कारण दोघांनाही देता येईना. द्वारकाबाई मात्र लेकावर खूश झाल्या.

असे दिवस जात राहिले, दिवाळीही त्यातच सरली. कान बरा होत होता आणि राधा तो बरा होऊ नये असं मनात म्हणत होती. मग व्हायचं तेच झालं, महिना भरला आणि पाळी आली. शाळकरी पोरीनं लपवावं तसं तिनं ते सासूपासून लपवलं. पिशवीत बांधून सगळं हिंजवडीला नेऊन ऑफिसच्या बाथरूममध्ये टाकलं. अकोल्याच्या घरी ते चार दिवस देवाजवळ जायची रीत नव्हती. एरवी राधा ते मानत नसे, पण सासूबाई आल्यावर त्यांच्या मनासाठी पाळत असे. या खेपेला मात्र द्वारकाबाईंनी "दिवा लाव गं," म्हटल्यावर ती गेली आणि तिनं दिवा लावला. देवावर तिचा विश्वास होता की नाही, हे तिला कधी नीट सांगता आलं नसतं, पण त्या दिवशी तिला देवाची लाज वाटली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पडदा भरून आल्याचं सांगितलं, डिसेंबरात विमान, पाणी, काय हवं ते करा म्हणाल्या. दत्तप्रसादनं नवीन तक्ता केला, तिकिटं काढली. त्याला ते करावंच लागलं, हातांना काही काम असल्याशिवाय त्याला दुःख झेपत नसे. "निघायच्या आधी आईला सांगावं लागेल," तो म्हणाला. राधा हो म्हणाली. रोज हो म्हणत होती.

एका शनिवारी द्वारकाबाई एकट्याच दगडूशेठला जाऊन आल्या आणि येताना लक्ष्मी रस्त्यावरून हिरवा खण घेऊन आल्या. रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर त्यांनी राधाला साडी नेसायला सांगितली. पाट मांडला. चोरओटी होती. तिसरा महिना सरता सरता, गाजावाजा न करता, दार लोटून घेऊन घरातल्या घरात भरायची ओटी. डोहाळजेवणाला सगळा गाव बोलवायचा, पण ही पहिली ओटी कोणाला कळू द्यायची नाही. द्वारकाबाईंनी आपल्या मनानंच महिन्यांचा हिशेब जुळवला होता. दत्तप्रसाद आत फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्याला त्यांनी बाहेर येऊ दिलं नाही. "बायांचं काम हाये हे."

राधा पाटावर बसली. आता सांगते, कुंकू लावायच्या आधी सांगते, असं म्हणेपर्यंत कुंकू लागलं. द्वारकाबाईंनी तांदळाचं ताट घेतलं, त्यात नारळ, सुपारी, हळकुंड, खण. "पदर धर," त्या म्हणाल्या. राधानं दोन्ही हातांनी पदर पसरला. तेवढ्यात शेजारी ठेवलेला तिचा मोबाइल वाजला. राधाचे हात गुंतलेले. द्वारकाबाईंनीच बटण दाबलं आणि फोन तिच्या कानाशी धरला, उजव्या, चांगल्या कानाशी.

अंदमानहून डायव्हिंगवाला बोलत होता. बुकिंग तिच्या नावावर होतं. आवाज मोठा, खणखणीत, खोलीभर ऐकू जाईल असा. दोन मिनिटं द्या मॅडम, म्हणाला, पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागतं.

"सर्दी? कान का कोई प्रॉब्लेम?"

"था. अब ठीक है. डॉक्टरने हाँ कहा है."

"दमा? दिल की बीमारी?"

"नहीं."

"और मॅडम, प्रेग्नंट तो नहीं हैं ना?"

राधानं वर पाहिलं. द्वारकाबाईंचा हात फोन धरून तसाच होता. त्यांना हिंदी येत होतं, आणि तो शब्द तर कुठल्याही भाषेत कळतो. राधा राँग नंबर म्हणू शकत होती, नंतर बोलते म्हणू शकत होती. तसं म्हटलं असतं तर तांदूळ पदरात पडले असते, नारळ पडला असता, आणि ते घेऊन उठायचं बळ तिच्यात नव्हतं.

"नहीं," ती म्हणाली.

"पक्का?"

"पक्का. नहीं हूँ."

"फिर कोई टेन्शन नहीं मॅडम. आ जाइए."

फोन बंद झाला. द्वारकाबाईंनी तो हळूच पाटाजवळ ठेवला. राधानं पदर सोडायला हात सैल केले, तसा त्यांनी तिच्या मनगटाला हात लावला.

"सोडू नको. पाटावर बसलेल्या बाईले रिकाम्या पदरानं उठवत नाहीत."

आणि त्यांनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण, सगळं रीतसर, सावकाश. फक्त शेवटी जो आशीर्वाद द्यायचा असतो, तो त्यांच्या तोंडून फुटेना. दोनदा ओठ हलले. मग त्या तशाच खाली बसल्या, राधाच्या समोर, फरशीवर.

राधानं सगळं सांगितलं. कान, तलाव, फोनवर दत्तप्रसाद काय बोलला ते. दवाखाना बंद झाल्याचं सांगितलं.

"कधी?"

"जूनमध्ये."

"म्हणजे आता नाहीच?"

"नाहीच, आई."

दत्तप्रसाद दारात येऊन उभा राहिला होता. आईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "जूननंतरबी मी रोज गणपतीपुढं बसत होतो," त्या म्हणाल्या. "त्यालेबी माहीत असन, अन् तुमाले माहीत होतं. मलेच तेवढं नाही." त्यात राग नव्हता. असता तर राधाला सोपं गेलं असतं.

दुपारी जेवणं झाली नाहीत. चारच्या सुमाराला द्वारकाबाई आतल्या खोलीत पिशवी भरत होत्या. दत्तप्रसाद बसचं तिकीट पाहायला आणि रिक्षा आणायला गेला होता. राधा दारातून म्हणाली, "आई, राहा ना अजून थोडे दिवस."

"नको."

"रागावलात?"

"नाही गं." त्यांनी लुगड्याची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "खोटं काहून बोलू? आता तुह्यासाठी काही करायले हात उचलत नाही माहा. उद्या उचलन. पन आज नाही. म्हनून जातो."

राधानं मान हलवली. तिला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच फार लागलं. ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. जरा वेळानं द्वारकाबाईही बसल्या. पिशवी दोघींच्या मधे होती.

"तू जेवाले बसली ना," त्या भिंतीकडं पाहत म्हणाल्या, "की मी तुह्या पानाकडं पाहत राहो. मले वाटे, दोघं जेवून राह्यले."

राधाला पाळी येऊन गेली होती. तिला सगळं ठाऊक होतं, सासूबाईंपेक्षा कितीतरी आधीपासून आणि कितीतरी जास्त. तरी तिनं पोटावर हात ठेवला आणि जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"मलाही वाटायचं, आई. शेवटी शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

द्वारकाबाईंनी मधली पिशवी उचलून खाली ठेवली. खाली रिक्षा येऊन उभी राहिली, दत्तप्रसादनं दोनदा हाका मारल्या, पण वरून कोणी ओ दिली नाही.